डावखुरा कमांडर

१

चित्र गेलं होतं. चौकट मात्र जागच्या जागी होती. सरळ टांगलेली, काच लख्ख पुसलेली. काचेमागे नुसता पिवळट पुठ्ठा, आणि खाली मी स्वतः लिहून चिकटवलेली पट्टी: 'पान ३१. न छापलेलं. १९६१.'

गॉसपोर्टच्या पाणबुडीवाल्यांच्या क्लबात बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन लागून तिसरा दिवस होता. बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. विल्फ ट्रेगियर हे त्यांचं नाव. कोवळ्या वयात ते युद्धात पाणबुडीवर होते, आणि पुढे पंचवीस वर्षं त्यांनी युद्धाच्या चित्रकथा काढल्या. कोटाच्या खिशात मावणारी, शिलिंगभर किमतीची ती पुस्तकं. वर खवळलेला समुद्र, आत घामेजलेले खलाशी, आणि दर दोन पानांआड दातओठ खाणारा कमांडर. एकाही पुस्तकावर बाबांचं नाव नाही. त्या धंद्यात कुणाचंच छापत नसत.

"पोरी, पोलिसांना बोलवायचं का?" विनी टॅपरनं विचारलं. क्लबाचं स्वयंपाकघर आणि चहाचा भलामोठा पितळी बंब गेली वीस वर्षं तिच्या ताब्यात आहे. सकाळी कुलूप तिनंच उघडलं होतं.

"नको. आत्ताच नको."

"मला एक कळत नाही. पलीकडे वादळाचं रंगीत मुखपृष्ठ आहे, येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे उभा राहतो. ते सोडून हे काळंपांढरं कशाला न्यावं कुणी?" तिनं कपबश्या मांडायला घेतल्या. "तरी तुझ्या बाबाचं बरं. केवढे चेहरे मागे ठेवून गेला. आमच्याकडे एक फोटो नाही. एकेचाळीसच्या जानेवारीत बाँबहल्ल्यात घर जळालं, त्यात सगळे फोटो गेले. नंतरचा एकच होता, तो आईनं शवपेटीत बरोबर नेला."

मी ऐकत होते आणि नव्हतेही. कारण मला ठाऊक होतं की हे पान साधं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुपारी बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "एकतिसावं पान विकू नकोस, हेस्टर. ते आपलं नाही."

"मग कुणाचं, बाबा?"

"ज्याचं आहे त्याला बघताक्षणी कळेल."

पुढे ते बोलले नाहीत. पान त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात सापडलं. त्यावर ना नाव, ना पत्ता. म्हणून मी ते भिंतीवर लावलं. लोकांना वाटलं, मुलीची माया. माया होतीच, पण खरं तर मी गळ टाकून बसले होते. पान बघून कोण थबकतं, ते मला पाहायचं होतं. बाबांनी माझ्याकडे मागितलेली ती शेवटची गोष्ट होती.

आणि गळ न हलताच आमिष गेलं होतं.

दार फोडलेलं नव्हतं. किल्ल्या तीनच. एक विनीकडे. एक क्लबाचे अध्यक्ष, निवृत्त कमांडर ऑब्री वेनॅबल्स यांच्याकडे. तिसरी माझी, आणि ती काल संध्याकाळी फोटो काढायचे म्हणून जुन्या पुस्तकांचा व्यापारी डेस्मंड प्रॉबर्ट मागून घेऊन गेला होता.

२

प्रॉबर्टचं दुकान फेरीबोटीनं पलीकडे, पोर्ट्समथला. दुकानात सर्वत्र जुन्या कागदाचा वास. मी आत शिरताच त्यानं किल्ली काउंटरवर ठेवली.

"या, हेस्टरबाई! विचार बदलला वाटतं? वादळाचं मुखपृष्ठ मी आजही घ्यायला तयार आहे."

"एकतिसावं पान चोरीला गेलंय."

तो हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "आणि तुम्हाला वाटलं, मी? अहो, ते पान मला फुकट दिलंत तरी मी नेणार नाही. राग मानू नका, पण ते तुमच्या बाबांचं नाहीच."

"काय बोलताय?"

त्यानं फळीवरून दोनचार पुस्तकं काढून माझ्यापुढे उघडून ठेवली. "सही नाही, नाव नाही. मग कुठलं काम कुणाचं, ते आम्ही ओळखतो कसं? खोडीवरून. तुमच्या बाबांची खोड ही. बघा, पेरिस्कोप कुठल्या हातानं धरलाय? डाव्या. पिस्तूल? डाव्या. कोटाच्या लाकडी गुंड्या? बायकांच्या कोटासारख्या, उलट्या बाजूला. विल्फ ट्रेगियरचा प्रत्येक कमांडर डावखुरा. आमच्यात त्यांना 'डावखुरा' म्हणूनच ओळखतात."

मला हसू आलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. ही खोड कुठून आली ते मला माहीत होतं. बाबांना मॉडेल परवडत नसे. ते स्वतःच डफल कोट चढवून जिन्यातल्या आरशापुढे उभे राहत, चेहरा वाकडा करत, आणि आरशात दिसेल ते काढत. आरशातला माणूस डावखुराच असणार. वाचकांची टोमणे मारणारी पत्रं यायची. "सगळं आरमार डावखुरं कसं हो?" बाबा म्हणायचे, "मी समोर दिसतं ते काढतो. दुरुस्त करायला बसलो तर पुस्तक नाताळात निघेल."

"आणि एकतिसाव्या पानावरचा कमांडर," प्रॉबर्ट म्हणाला, "पाणबुडीचं झाकण उजव्या हातानं ओढतोय. शिवाय छापील पुस्तकात ते पानच नाही. तिथे पोरगं बचावतं, सगळे टोप्या उडवतात. कुणा दुसऱ्याचं काम आहे ते. कवडीमोल."

खोटं बोलणारा माणूस मालाची किंमत पाडतो, हे खरं. पण तो विकत घेण्याआधी पाडतो, चोरल्यानंतर नाही. प्रॉबर्टनं पान नेलं नव्हतं.

परतीच्या फेरीत मी कठड्याशी उभी राहिले. ते पान बाबांचं नाही, हे मला मान्य नव्हतं. ती रेघ मी झोपेतही ओळखेन. मग तिथला कमांडर उजव्या हाताचा कसा?

३

उत्तर मला फेरीबोट धक्क्याला लागायच्या आत सापडलं, आणि इतकं सोपं होतं की स्वतःचाच राग आला. पुस्तकांतल्या गुप्तहेरांना कुणाचं सुतक नसतं, म्हणून त्यांचं डोकं चालतं.

आरशातला माणूस डावखुरा. म्हणजे उजव्या हाताचा माणूस आरशातला नव्हता. त्या एका पानासाठी बाबांपुढे कुणीतरी खरंखुरं उभं राहिलं होतं.

घरी येऊन मी पानाचा फोटो शोधून बाहेर काढला. प्रदर्शनाआधी मी सगळ्या चित्रांचे काढले होते. पहिल्या तीन चौकटींत पाणबुडीच्या मनोऱ्यातली अरुंद शिडी, वरून कोसळणारं पाणी, आणि झाकणाचा दांडा धरून खाली मान घातलेला कमांडर. चौथी चौकट मोठी. शिडीच्या तळातून वर पाहिल्यावर दिसेल तसं: कमांडरच्या खांद्यापलीकडे गोल भोक, भोकात आभाळ, आभाळात एका पोराचा चेहरा. बाहेर आलेले कान. आणि झाकणाच्या काठावर टेकलेला त्याचा हात. शब्द एकही नाही.

कमांडरची मनगटं कोटाच्या बाह्यांतून चांगली वीतभर बाहेर आली होती. कोट बाबांचाच, आणि बाबा बुटके होते.

मग मला तो माणूस आठवला. मी तेव्हा सात वर्षांची. एक ताडमाड गृहस्थ आले होते, आईनं विचारलेला चहा नको म्हणाले, बाबांचा आखूड कोट घालून जिन्यात उभे राहिले, आणि काम होताच निघून गेले. ते गेल्यावर बाबांनी मला माळ्यावर चढवलं. जमिनीतल्या फळीच्या दारापाशी मला पालथं झोपवलं आणि स्वतः खाली जिन्यात वही घेऊन बसले. "हात काठावर ठेव, हेस्टर. तळवा टेकव. ओढू नकोस, ढकल." हात भरून आला तरी मी हलले नाही. त्यांच्या पुस्तकात मी पहिल्यांदाच येणार होते. पुस्तक आलं तेव्हा त्यात माझा हात नव्हता, म्हणून मी रडले होते.

ताडमाड माणूस क्लबात एकच. आणि परवा, प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी, तो त्या पानासमोर उभा राहून माझ्याकडे न बघता म्हणाला होता, "हे खाली काढा, मिस ट्रेगियर. आजच्या आज." मी ती अध्यक्षांची लहर समजून सोडून दिली होती.

४

कमांडर वेनॅबल्स मागच्या बागेत कांद्याच्या पातीतलं तण काढत होते. वय ब्याऐंशी, पाठ अजून काठीसारखी.

"उशीर केलात," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, कालच याल."

"पान तुमच्याकडे आहे, कमांडर?"

"नाही."

"तुम्ही ते काढायला सांगितलं होतंत. त्या चित्रात तुम्ही आहात."

"आहे ना." त्यांनी खुरपं पुसून बादलीत ठेवलं. "मीच ट्रेगियरच्या दारात गेलो होतो. त्याच्या पुस्तकांत प्रत्येक कमांडर वाघ. मला ते सहन होईना. म्हटलं, एकदा खरं काढ. तो म्हणाला, मग उभे राहा, सर. राहिलो."

ते बाकावर बसले. मला बसा म्हणाले नाहीत; मी बसले.

"आमच्यात रिवाज आहे. डुबकीचा हुकूम सुटला की टेहळणीची पोरं आधी उतरतात. कमांडर सगळ्यांच्या शेवटी, आणि झाकण तो स्वतःच्या हातानं लावतो. वर कुणी राहिलं नाही, याची ती खूण असते. त्या दिवशी मी शेवटचा नव्हतो."

त्यांनी खुरप्याची बादली पायानं बाजूला सारली.

"विमान सूर्यातून आलं. लेन कॉबोल्ड पायांत गोळ्या लागून पडला. एकोणीस वर्षांचा. त्याला शिडीवरून उतरवायला जितका वेळ लागला असता तितका नव्हता. खाली चाळीसच्या वर माणसं होती, त्यांत तुमचे बाबा. मी झाकण लावलं. अहवालात लिहिलं, लाटेनं नेलं. त्याची आई होती ना. पोरगं जिवंत असताना आम्ही खाली गेलो, हे तिला कशाला सांगायचं? सगळ्यांकडून शब्द घेतला. तुमच्या बाबांकडूनही."

"आणि तो हात? झाकणावरचा?"

त्यांनी कांद्यांकडे पाहिलं. "मी वर बघितलं नाही. हात होता एवढं कळलं. झाकण जड असतं, मिस ट्रेगियर. त्या दिवशी ते मला जड लागलं की हलकं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. बघणारा एकटा तुमचा बाप, तळाशी उभा. त्याला विचारायचा मला धीर झाला नाही. चित्रावरून तर दोन्ही वाटतं."

"म्हणून काढायला सांगितलंत."

"माझ्यासाठी?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझी लाज मी केव्हाच गिळली. अहो, त्या भिंतीसमोर दिवसभर चहा ओतत कोण उभी असते?"

"मिसेस टॅपर."

"टॅपर लग्नानंतरची. लेनची धाकटी बहीण आहे ती."

५

आता सगळं जागेवर बसत गेलं, आणि मी किती आंधळी होते तेही दिसलं.

परवा क्लब बंद करताना मला त्या काचेवर एक डाग दिसला होता, कुणी कपाळ टेकल्यासारखा. माझ्या हनुवटीच्या उंचीवर. एखाद्या पोराचा असेल म्हणून मी सोडून दिला. कमांडर वेनॅबल्सना तिथे कपाळ टेकायला गुडघे मोडावे लागले असते. प्रॉबर्ट माझ्याएवढा. विनीचं डोकं माझ्या नाकाला लागतं. आज सकाळी बाकीच्या काचांवर दोन दिवसांचे बोटांचे ठसे तसेच होते, आणि हीच तेवढी लख्ख. पान काढून घेतल्यावर रिकाम्या काचेवरचा डाग पुसून, चौकट पुन्हा सरळ टांगून जाणारा चोर कोण? ज्याचा हात रोज टेबलं पुसतो तो.

आणि फोटो. एकही नाही, असं ती मला तोंडावर सांगत होती.

तिच्या घराचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात बसली होती. पान टेबलावर, स्वच्छ पुसण्याच्या फडक्यावर ठेवलेलं. चहा गार झालेला.

"ये," ती म्हणाली. "कोट काढ. कुणाला बरोबर आणलंयस?"

"कुणाला नाही."

"मी परत देणार होते. सकाळपासून म्हणतेय, आता नेऊन देते." तिनं चेहऱ्यावरून, कागदाला न लागता, बोट फिरवलं. "हे कान मी विसरले होते, हेस्टर. सख्ख्या भावाचे कान. शाळेत पोरं त्याला किटली म्हणायची. मी विसरलेच होते."

"पान तुमचंच आहे. बाबांनी सांगितलं होतं, ज्याचं आहे त्याला द्यायचं. कुणाचं ते सांगायचं राहिलं."

"राहिलं!" ती ताडकन उठली आणि किटली भरायला नळाशी गेली. पाठ माझ्याकडे. "दर शुक्रवारी माझ्या हातचा चहा. दोन चमचे साखर, वर केक. वीस वर्षं! मी विचारायचे, विल्फ, तू तिथे होतास, सांग ना. तर म्हणायचा, लाट आली गं विनी, मोठी लाट. डोळ्यांत बघून."

"त्यांनी शब्द दिला होता. तुमच्या आईसाठी."

"आई जाऊन तीस वर्षं झाली."

"हो."

"मग?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी तेच शोधतेय. मला वाटतं, त्यांना बोलता आलं नाही. काढता आलं, ते त्यांनी काढलं. मी त्यांच्या वतीनं..."

"माफी मागू नकोस. तुझं काय त्यात?" तिनं किटली न पेटवताच शेगडीवर ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसली. "ते सगळं राहू दे. मला एकच सांग. परवापासून मी हे बघतेय आणि मला झोप नाही. हा हात. हा काय करतोय? झाकण उघडायला ओढतोय ना? आत घ्या म्हणतोय?"

तिनं ते विचारलं मात्र, आणि माझ्या उजव्या तळव्यात माळ्यावरच्या फळीची कड उमटली. सदतीस वर्षांपूर्वीची.

"नाही," मी म्हणाले.

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तुझ्या बाबानं तेच केलं."

"हा हात माझा आहे, विनी."

तिनं मान वर केली.

"बाबा समोर दिसेल तेच काढत. लेनचा चेहरा तेवढा डोळ्यांपुढून हलला नसेल; बाकी मनानं काढणं त्यांना जमत नसे. कमांडरसाठी कमांडरना उभं केलं. या हातासाठी मला. मी माळ्यावर पालथी होते, ते खाली. मला दोनदा सांगितलं त्यांनी. तळवा टेकव. ओढू नकोस, ढकल." मी पान हळूच बाजूला सरकवलं आणि टेबलाच्या काठावर हात ठेवला. "ओढायचं असतं तर बोटं अशी काठाखाली गेली असती. खालून बघणाऱ्याला बोटांची टोकं दिसली असती. चित्रात बघा. टोकं कुठायत?"

ती वाकली. इतकी की कपाळ टेबलाला लागायला आलं.

"वर आहेत," ती म्हणाली. "दिसतच नाहीत. नुसती तळव्याची कड आहे."

"बाबा तळाशी होते. वर बघणारे एकटेच. त्यांनी पाहिलं ते माझ्याकडून करून घेतलं. लेन झाकण बंद करत होता. कमांडरना मदत करत होता."

विनीनं आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. तळवा सपाट, बोटं वर. जरा दाबून पाहिलं. टेबल किंचित करकरलं.

"किटली कुठला," ती म्हणाली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मला बाबांसाठी रडू आलं, आणि या खेपेला मी ते अडवलं नाही. विनीनं मला फडकं दिलं, पानाखालचंच.

मग तिनं विचारलं, "त्या उंच बांबूला हे माहीत आहे?"

"कमांडरना? नाही. त्यांनी वर बघितलंच नव्हतं. झाकण जड होतं की हलकं, ते त्यांना अजून ठरवता येत नाही."

"चोपन्न वर्षं?"

"हो."

ती उठली. पान दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तिनं फडक्यात गुंडाळलं. टोपी घातली, आरशात न बघता. फळीवरच्या डब्यातून केकचे तीन तुकडे काढून कागदात बांधले, आणि मग एक परत डब्यात टाकला.

"त्याला गोड चालत नाही," ती म्हणाली. "चल. आणि सांगणार मी. तू मध्ये बोलू नकोस."

वेनॅबल्सच्या घरापर्यंत आम्ही चालत गेलो. ती पुढे, मी मागे. पायऱ्या चढून तिनं घंटेकडे पाहिलं, पण ती वाजवली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. पान डाव्या काखेत धरून विनीनं उजवा तळवा दारावर सपाट टेकवला आणि ढकललं.